साखरपुड्याची साडी घेऊन आसेगावला

किन्हीराजाहून सकाळच्या एसटीने निघाले. सोयऱ्यांकडे एकटीने जाण्याची ही पहिलीच वेळ. यांचा पाय प्लास्टरमध्ये, आणि असली गोष्ट फोनवर सांगणं बरं दिसत नाही.

माझी लता पोलीस दलात आहे. हैती नावाच्या देशात टोळ्यांनी रस्ते आणि वस्त्या बळकावल्या आहेत. तिथल्या लोकांच्या मदतीला वेगवेगळ्या देशांचे पोलीस जातात. त्या यादीत लताचं नाव आलं. वर्षभर जायचं, म्हणजे लग्न पुढे ढकलायचं. होणारे जावई तयार आहेत. पण लता म्हणाली, "आई, सासू-सासरे नाई म्हनले तं मी नाव मांगं घेईन." त्यांनी नाहीच म्हणावं, असं मी मनात धरून बसले होते.

शेलूबाजारला गाडी बदलली. दोन्हीकडे शेंगांनी लगडलेल्या तुरी. शेजारच्या बाईने विचारलं, "कुठं चालल्या वो?" मी "आसेगाव" म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. मंगरूळपीरला सोयऱ्यांनी लताला दिलेली साखरपुड्याची साडी फॉल लावायला टाकायची होती, पण दुकान बंद. साडी पिशवीतच राहिली.

आसेगावला विहीणबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, हातातली पिशवी घेतली आणि साडीचा काठ दिसताच ती तशीच खाली ठेवली.

"साडी वापस कराले आल्या का वो? काहून? आमचं काय चुकलं?"

आमच्याकडे ती साडी परत नेली की सोयरीक मोडली. मी घाईघाईने म्हणाले, "नाही वो, फॉल लावाचा होता..." आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

व्याही हसले. "वरीसभरात आमचं पोरगं कुठं पयून जाते? त्याले कोन नेते!"

विहीणबाई हसल्या नाहीत. "तिथं गोया (गोळ्या) चालतात का?"

"चालतात."

त्यांनी साडीच्या काठावरून हात फिरवला. "तिथंबी लेकीबायी असतीनच नं. आमची ना नाई. पन तुमी माय आहा. तुमाले काय वाटते?"

मी साडी पिशवीत नीट घालू लागले. जेवायला तुरीच्या सोल्यांची (ओल्या दाण्यांची) आमटी होती. मी आमटीचंच कौतुक करत राहिले.

परतीच्या गाडीत लताचा फोन आला. तिला सगळं सांगितलं.

"अन् तुले काय वाटते, आई?"

माझ्या मनातला नकार सोयऱ्यांच्या तोंडून यावा, म्हणून मी एवढी लांब गेले होते. आता माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. आवाज नीट पोचत नव्हता, म्हणून भर गाडीत ओरडून सांगावं लागलं, "मले लय भेव वाटते. पन जाय तू."

सगळी गाडी माझ्याकडे पाहत होती. मी मान खाली घातली नाही.