पारीसअण्णांची वरात

डिसेंबर संपत आला होता. धुकं असं पडलेलं, की कोल्हापुरातल्या तपोवनच्या मैदानावर माणसं दिसत नव्हती, नुसते आवाज ऐकू येत होते. आधी शिट्टी. मग धैर्यशील कोचचं ओरडणं, "खाली... वर... खाली... हंबीरराव, कंबर कुठं चाललीया? गवत खायचा विचार हाय काय?" मग वीसेक माणसांनी एकदम सोडलेला श्वास. मग ट्रॅक्टरचा जुना टायर उलटून पडल्याचा धप्प आवाज, आणि त्याच्या पाठोपाठ हसण्याचा लोट.

रस्त्याच्या अलीकडं, चहाच्या बंद गाड्याच्या आडोशाला पारीसअण्णा उभे होते. पायात बूट, अंगात व्यायामाच्या बॅचचा केशरी टी-शर्ट, कानावर मफलर. डावा हात खिशात कोंबलेला. मैदान हाकेच्या अंतरावर होतं. पाय आत जायला ओढत होते आणि अण्णा त्यांना धरून ठेवत होते. एका जागी उभंही राहवत नव्हतं. गाड्याच्या या चाकापासून त्या चाकापर्यंत जायचं, परत फिरायचं, कान मैदानाकडं लावायचा. धैर्यशीलनं 'पंधरा' म्हटलं की यांच्या ओठात 'सोळा' यायचं.

नाव पार्श्वनाथ मगदूम. पण पारीसअण्णा म्हटल्याशिवाय उद्यमनगरात कुणी त्यांचं दुकान दाखवणार नाही. शेतातल्या पंपाची मोटर जळली, की कोडोलीपासून राधानगरीपर्यंतचे शेतकरी ती पोत्यात घालून अण्णांच्या दारात आणून टाकतात. अण्णा मान वर न करता म्हणतात, "ठेवा पावणं तिथं. परवा न्या." जळकी तार काढून तांब्याची नवी तार भरायची, वेढ्याला वेढा चिकटून बसवायचा. सगळा हाताचा खेळ. एवढ्या वर्षांत त्यांनी भरलेली मोटर महिन्याभरात परत आली, असं झालेलं नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी रक्तातली साखर वाढली आणि बायको राजमती मागं लागली म्हणून ते या बॅचला आले. पहिल्या दिवशी पांढऱ्या लेंग्यात. दोरीवरच्या उड्या मारताना लेंग्याची नाडी सुटली आणि सगळं मैदान लोळलं. अण्णा तरातरा निघून गेले. दुसऱ्या दिवशी हाफ चड्डी घालून हजर. "हं, आता हसा," म्हणाले. त्या दिवसापासून ते बॅचचे झाले.

ही बॅचही न्यारीच. कुणी उशिरा आला तर त्यानं सगळ्यांना मिसळ खायला घालायची, असा दंड. पहाटभर गाळलेला घाम तासाभरात तर्रीच्या रूपानं परत पोटात जायचा. वजनं तिथल्या तिथं. तरी नियम बदला म्हणायची कुणाची छाती नव्हती. अण्णा जैन, त्यांची मिसळ बिनकांद्याची, त्यावरून रोज वेगळी टिंगल. आणि जो न सांगता तीन दिवस दांडी मारेल, त्याची 'वरात'. म्हणजे सगळी बॅच पळत त्याच्या दारात जाणार, डबे-पिपाण्या वाजवणार, गल्ली जागी करणार, आणि तो अंथरुणातून उठून बाहेर येईपर्यंत दारात उठाबशा काढणार. वरातीच्या घोषणा रचल्या होत्या खुद्द अण्णांनी.

इथं प्रेम असंच. तोंडानं कुणी गोड बोलत नाही. दूध डेअरीवाला हंबीरराव येता-जाता सगळ्यांचे वाभाडे काढतो. बँकेतली स्नेहल वयानं सगळ्यांत लहान, पण अण्णांना "काय ओ तांब्याची तार, आज वाकणार का मोडणार?" असं विचारते. आणि ज्याची टिंगल थांबली, तो संपला. गणपतरावांचं असंच झालं. छातीचं ऑपरेशन होऊन ते परत आले, तर बॅच त्यांच्याशी अदबीनं वागायला लागली. "बसा गणपतराव", "दमला असाल गणपतराव". महिनाभर हे ऐकून गणपतराव यायचे बंद झाले. त्यांची वरातसुद्धा कुणी काढली नाही. आजारी माणसाची कशी काढायची?

अण्णांना हे सगळं पाठ होतं. म्हणून तर ते गाड्यामागं उभे होते.

झालं होतं एवढंच. आठ-नऊ दिवसांपूर्वी एका सकाळी व्यायाम संपवून सगळे गोल करून बसलेले. अण्णांचा डावा हात मांडीवर होता आणि अंगठा आपला आपण बोटावर घासत होता. वातीला पीळ द्यावा तसा. हंबीररावनं बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, मोबाइल व्हायब्रेटवर ठेवलाय काय?" सगळे हसले. अण्णाही हसले. पण त्यांनी हाताला थांब म्हणून सांगितलं, आणि हात थांबला नाही.

दुकानात गेल्यावर तारेचा वेढा दोनदा सुटला. रात्री ताटावर बसल्यावर वाटी खणखणली. राजमती म्हणाली, "थंडी वाजायलीया काय?" अण्णा "व्हय" म्हणाले. दुसऱ्या दिवशी बॅचच्या ग्रुपवर त्यांनी लिहून टाकलं, 'राधानगरीला मेव्हण्याकडे आहे. चार दिवसांनी येतो.' आणि घरी काही सांगितलंच नाही. रोज पहाटे बूट घालून निघायचं, कळंब्याच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांच्या कडंकडंनं चालत सुटायचं, नाहीतर इथं येऊन कान देऊन उभं राहायचं. परतताना वाटेतल्या नळावर टी-शर्टची पाठ भिजवायची, म्हणजे घाम दिसावा. थंडीत गार पाण्यानं अंगावर काटा यायचा. चार दिवसांचा आठवडा झाला. डॉक्टरकडं जायला पाय होत नव्हता, कारण डॉक्टर नाव सांगेल. नाव कळलं की ते खरं होणार.

आज मात्र काहीतरी बिनसलं. अण्णांच्या ध्यानात आलं, की बराच वेळ मैदानावरून काहीच आवाज येत नाही. शिट्टी नाही, मोजणं नाही. ते गाड्याच्या आडून बाहेर आले. रस्ता ओलांडून मैदानात शिरले. धुक्यात टायर आडवा पडलेला आणि त्यावर कुणाचा तरी नॅपकिन. माणूस एकही नाही.

काल दुपारी दुकानासमोरून हंबीररावची दुधाची गाडी गेली होती. शटर उघडं होतं.

"आयला, वरात!" अण्णा मोठ्यानं म्हणाले आणि पळत सुटले.

असं ते कधी पळाले नव्हते. धैर्यशीलनं शिट्ट्या मारमारून पळवलं तरी नव्हते. मोठ्या रस्त्यानं बॅच गेली असणार, म्हणून ते संभाजीनगर भागातल्या आतल्या बोळात शिरले. एक कुत्रं मागं लागलं, थोडं पळून कंटाळलं. मफलर सुटला, तो हातात घेतला. डोक्यात एकच. राजमतीनं दार उघडायच्या आधी घर गाठायचं. अंथरुणातून उठल्यासारखं तोंड करून बाहेर यायचं, "आलोय रात्री गावासनं" म्हणायचं, मिसळ घालायची, मिटलं. राजमतीला पुढचं काहीतरी सांगता येईल. काय ते सुचत नव्हतं. मंगळवार पेठेत शिरले तोवर छाती भात्यासारखी वाजत होती.

गल्लीच्या तोंडाशीच त्यांना ऐकू आलं.

"झोपलाय कोण?"

"पारीसअण्णा!"

"उठवणार कोण?"

"आम्हीच की!"

डबे वाजत होते, पिपाणी वाजत होती. अण्णा कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला टेकले. त्यांच्या दारात केशरी शर्टांची गर्दी, आणि उंबऱ्यात राजमती, ओले हात पदराला पुसत.

"अवो, कुणाला उठवायलाय?" ती म्हणाली. "ते केव्हाच गेल्यात की तुमच्याकडं."

पिपाणी मधेच बंद पडली.

"आमच्याकडं?" हंबीरराव म्हणाला. "वैनी, आमाला तर राधानगरीला जातो म्हणून सांगितल्यात. तुमच्या भावाकडं. खरं काल दुकान उघडं दिसलं, म्हटलं अण्णा घरात गोधडी घेऊन आमाला गंडवायलेत."

"माझा भाऊ परवाच हितं येऊन जेवून गेला," राजमती हळू म्हणाली. "हे तर आठवडाभर रोज शर्ट भिजवून येतात. धुतोय की मी. घामाचा वास न्हाय, म्हटलं थंडी हाय."

समोरच्या खिडकीत एक डोकं आलं, शेजारच्या गच्चीवर दोन. हंबीररावच्या तोंडावर जे आलं, ते अण्णांना कोपऱ्यावरूनही वाचता आलं. रोज पहाटे बायकोला एक, दोस्तांना एक सांगून माणूस जातो कुठं? गल्लीनं तेवढ्यात हिशेब मांडलासुद्धा.

अण्णांना मागं फिरता आलं असतं. कुणी बघितलं नव्हतं. पण राजमती उंबऱ्यावर हात टेकून उभी होती आणि सगळी गल्ली तिच्याकडं बघत होती. ते खांब सोडून पुढं आले.

"आलं बघा!" स्नेहल ओरडली.

"कुठं गेलतासा?" राजमतीनं विचारलं.

अण्णांना श्वास पुरत नव्हता. त्यांनी डावा हात खिशातून काढला आणि सगळ्यांच्या मधे धरला. पळून आल्यामुळं असेल, नाहीतर इतक्या डोळ्यांमुळं, अंगठा नुसता वळवळत होता.

"हे बघा. आठ-धा दिवस झालं. थांबंना झालाय. हे घेऊन कुठं जायचं कळंना, म्हणून हिकडं-तिकडं फिरत हुतो. दुसरं काय न्हाय."

गर्दीतला डबा कुणीतरी हळूच खाली ठेवला. मग ते सुरू झालं, ज्याला अण्णा भीत होते. कुणीतरी आतून खुर्ची आणली. "बसा अण्णा." दुसऱ्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. धैर्यशील पुढं झाला, आणि तो एकदम पुस्तकातलं बोलायला लागला. कोल्हापूरचा माणूस शुद्ध बोलायला लागला, की समजावं काहीतरी वाईट घडलंय.

"अण्णा, आपण अजिबात काळजी करू नका. उद्यापासून आपण फक्त हळूहळू चाला. आम्ही सर्वजण आपल्या सोबत आहोत."

"ह्येच!" अण्णांनी खुर्ची लाथेनं सरकवली. "ह्येच नको हुतं मला! 'आपण'? मी कवाधरनं 'आपण' झालो रे? काल-परवापर्यंत कंबरंत लाथ घालतो म्हणत हुतास न्हवं?"

धैर्यशील खाली बघायला लागला. हंबीरराव तर केव्हाचा पांढरा पडला होता.

"अण्णा," तो म्हणाला, "मी त्या दिवशी व्हायब्रेटवर म्हटलो. मला ठावं नव्हतं ओ. चुकलं माझं."

"तू चुकला न्हाईस. तू बोललास त्याचं मला काय न्हाय. उद्या बोलायचा न्हाईस, त्याचं भ्या वाटलं. गणपतरावांचं काय केलं आपण? 'बसा, बसा' करत घरी बसवलं. मला घरी बसवू नकासा एवढंच."

स्नेहल डोळे पुसत होती आणि पुसत नाही असं दाखवत होती. हंबीररावनं एकदा धैर्यशीलकडं बघितलं, एकदा राजमतीकडं.

"ते सगळं खरं हाय," तो म्हणाला. आवाज जरा चिरका आला. "खरं वरात निघाली म्हणजे मिसळ लागू. आणि तर्री वाढायला अण्णाच पायजेत. वाटी ह्यांच्या हातात दिली की रस्सा आपला आपण ढवळून निघतोय, चमचा नको."

"ए मुडद्या!" राजमती कडाडली. "लाज हाय काय जराशी?"

मागं कुणाला तरी हसू फुटलं, त्यानं ते खोकल्यात दाबलं. हंबीरराव मान खाली घालून शिव्यांची वाट बघत उभा राहिला. अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर आलं, आणि ते हसणं निघालं. तोंड पुरतं उघडून, लेंग्याच्या नाडीला बॅच हसली होती तसं.

"बिनकांद्याची सांग," ते म्हणाले. "आणि तुझ्या वाटीत मी वाढणार न्हाय. तू ढवळून घे हातानं."

गल्लीत एकदम गलका उठला. पण राजमती हसली नाही. ती अण्णांच्या जवळ आली, तो हात आपल्या ओल्या हातात धरला. धरल्यावर अंगठा जरा मंदावला, सुटल्यावर परत सुरू.

"ह्यांच्यापास्नं लपवलासा ते लपवलासा," ती एवढंच म्हणाली. "माझ्यापास्नं का?"

अण्णांनी हातातला मफलर परत कानावर गुंडाळायला घेतला.

"मी आज रजा टाकतो," स्नेहल म्हणाली. "मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर हाय माझ्याकडं, आमच्या शाखेत खातं हाय त्यांचं. दहाला जाऊया."

"तू बँक उघड," राजमती म्हणाली. "मी जातो ह्यांच्यासंगं." आणि अण्णांकडं वळून, "दहाला. सांगून ठेवतो. परत बूट घालून कळंब्याकडं पळालासा तर गल्लीत हाक मारीन."

"आणि उद्या?" अण्णांनी विचारलं. बायकोला नाही, धैर्यशीलला. हात परत खिशाकडं निघाला होता, तो त्यांनी मधेच थांबवला.

धैर्यशीलनं त्यांच्याकडं बघितलं. डॉक्टर काय सांगतील हे त्याला ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं.

"उद्या टायमात या," तो म्हणाला. "न्हायतर हाय की दुसरी मिसळ."

बॅच गलका करत कोपऱ्याकडं निघाली. कुठल्या हॉटेलात जायचं यावरून हंबीरराव आणि स्नेहलची जुंपली होती. अण्णा त्यांच्या मागं निघणार, तेवढ्यात आत गेलेल्या राजमतीचा आवाज आला.

"नळ आलाय!"

"व्हा म्होरं, आलोच," अण्णांनी कोपऱ्याकडं बघून हाळी दिली. बूट दारात काढले. आत जाऊन खुंटीवरचं पाणी गाळायचं फडकं घेतलं, दुहेरी करून घागरीच्या तोंडावर घातलं, डावा हलत होता तरी कडा दोन्ही हातांनी धरून ताणल्या, आणि घागर पायानं ढकलत नळाच्या धारेखाली सरकवली.