चालायला निघालो, चाकणला पोचलो

चालल्याने तब्येत सुधारते, हे मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की चालू कोण देतं?

डॉक्टरांनी माझी साखर बघून "रोज चाला, हळूहळू वाढवत न्या," असं सांगितलं. मला एकट्याला सांगितलं असतं तर मी ते लिफ्टमध्येच विसरलो असतो. त्यांनी ते बायकोसमोर सांगितलं! घरी येताच सुनीताने फर्मान काढलं, "रविवारी इथून सांगवीला, माझ्या आईकडे चालत जायचं आणि चालतच यायचं. तरच मटण. नाहीतर दुधी."

मी दुधीला घाबरतो. (कोण नाही घाबरत?)

रविवारी सकाळी निघालो तर तिने आधी फोन काढून घेतला. "कट्ट्यावर बसून व्हिडिओ बघाल." मग पाकीट. "वडापाव दिसेल." मग नवा टी-शर्ट. "घामाने खराब होईल. कंपनीचा जुना युनिफॉर्म घाला!" आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात जुना युनिफॉर्म फाटेपर्यंत राबतो, रंगकामाला, गाडी धुवायला आणि आता माझ्या तब्येतीला. पायात सेफ्टी शूज. (स्पोर्ट शूज? "आधी चालून दाखवा, मग बघू!")

आमच्या पिंपळे सौदागरच्या चौकापर्यंत मी झोकात गेलो. तिथे दम लागला म्हणून कडेला थांबलो, तर समोर कुठल्यातरी कंपनीची बस थांबली आणि दार उघडलं.

"ओ भाऊ, चढा पटकन! गेट बंद होईल!" ड्रायव्हर ओरडला.

आमची सुट्टी रविवारी, पण चाकणच्या कितीतरी कंपन्यांची गुरुवारी. त्या बिचाऱ्याला मी त्यांचाच कामगार वाटलो. त्याचं सोडा, मी का चढलो? अहो, इतकी वर्षं कंपनीच्या बसने जातोय! दार उघडून कोणी ओरडलं की पाय आपोआप वर जातात आणि सीटला पाठ टेकली की डोळे मिटतात. 'पुढच्या चौकात उतरू,' असं मनाशी म्हणालो, तेवढंच आठवतं.

जाग आली ती वीस-पंचवीस किलोमीटर लांब, चाकणला, कुठल्यातरी परक्या कंपनीच्या गेटवर!

"कार्ड?" वॉचमनने हात पुढे केला.

"मी इथला नाही. मी चालायला निघालोय."

"कुठून?"

"पिंपळे सौदागरहून."

त्याने मला नीट न्याहाळलं आणि प्यायला पाणी दिलं.

बस परतणार संध्याकाळी. फोन नाही, पैसे नाहीत आणि तिकडे मटण शिजतंय! हायवेवर हात करून करून खांदा दुखला. शेवटी कांद्याच्या टेम्पोवाल्या एका आजोबांनी गाडी थांबवली.

"कामावरनं काढलं व्हय?"

"नाही हो, बायकोने चालायला काढलंय!"

"मंग लईच वाईट. बस मागं."

दुपार उलटून गेल्यावर घरी पोचलो. सुनीता दारातच उभी होती. आईला फोन करून झालेला होता.

"कुठे होतात?"

"चाकणला."

"चालत?"

'हो' म्हणायचा फार मोह झाला, पण माझ्या केसांत कांद्याची सालं होती. सगळं खरं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि ताटात दुधी वाढला. संतापाने मी तो दोनदा घेतला. (भूक लागली होती हो!)

आता दर रविवारी मी मेव्हण्याची पोपटांच्या चित्रांची बर्म्युडा घालून सांगवीला चालत जातो. बस थांबत नाही, ओळखीचेही थांबत नाहीत. साखर उतरली, मटण सुरू झालं. सासूबाई तेवढं मला दारातूनच पाणी देतात आणि शेजारणीने विचारलं तर मी कोण, ते अजून सांगत नाहीत!