तिसरा कागद आलाच नाही

गेल्या फाल्गुनात माझी नात न कळवता घरी आली. पुण्याहून माणगाव, माणगावहून मुरूडकडची एसटी, आणि फाट्यापासून चालत. मी पडवीत सुपारी कातरत होते. तिनं पाठीवरची पिशवी उतरवली नाही, पाणी मागितलं नाही. म्हणाली, "आजी, मी चोरी केली असं सर म्हणतात."

"केलीस का?"

"नाही."

"मग बस. घावन खाणार?"

ती मोटारींचं डिझाइन शिकते. गाडी दिसायची कशी हे ठरवायचं शिक्षण असतं, हे आमच्या शेजारणीला मी चार वर्षं समजावते आहे. तिला अजून वाटतं की पोर गॅरेजात कामाला आहे. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं स्वतःची एक गाडी काढून दाखवायची असते. हिनं काढली. नाकापासून शेपटापर्यंत एकाच रेघेत जाणारी लांब गाडी. सरांनी ती पाहिली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

हे सर तरुणपणी इटलीत होते, तिथल्या एका नावाजलेल्या आराखडेकाराच्या हाताखाली. त्यांचं म्हणणं, ही रेघ त्या म्हाताऱ्याची आहे. ती गाडी कधी बनलीच नाही, तिचं चित्र कुठं छापलं नाही, ते त्याच्या कारखान्यातल्या एका कुलपाच्या खणात पडून आहे. तो माणूस जाऊनही बरीच वर्षं झाली. तेव्हा बाळ, तुला ते मिळालं कुठून? दहा दिवसांत सांग, नाहीतर नवं काढ. दोन्ही जमलं नाही तर वर्ष गेलं.

"मी कुठूनच घेतलं नाही, आजी," ती म्हणाली. "माझा हातच तसा जातो."

माझी सुपारी तिथंच राहिली. कारण तसाच जाणारा आणखी एक हात मला माहीत होता. तो त्या वेळी माझ्या मांडीवर, अडकित्ता धरून बसला होता.

बाविसाव्या वर्षी माझ्याइतकं शहाणं जगात कोणी नव्हतं. चित्रकलेच्या दोन परीक्षा, एक मनगटी घड्याळ आणि खूप मोठं नाक, एवढ्या भांडवलावर मी मुंबईत एका मोटारींच्या कारखान्यात ट्रेसर म्हणून लागले. सोमवारी पहाटे रेवसहून लाँचनं भाऊचा धक्का, आठवडाभर मावशीकडे, शनिवारी परत. ट्रेसरचं काम म्हणजे दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेल्या चित्रावर पातळ कापड पसरायचं, त्याला खडूची पूड चोळायची आणि खालची रेघ शाईनं उतरवायची. स्वतःची अक्कल घालायची नाही. आमचे मुख्य ड्राफ्ट्समन म्हणायचे, "बाई, गाडी बघू नका. रेघ बघा." मी बघायची दोन्ही.

एकदा इटलीहून, त्याच आराखडेकाराकडून, कागद आले. नव्या गाडीचे, पूर्ण मापाचे, टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पोचणारे. गाडी तीन कागदांत होती: पुढचा भाग, दारं आणि मागचा भाग. आमच्याकडे पहिले दोनच आले. बाकीच्या गाड्यांच्या रेघा पट्टीनं नाहीतर वळणाच्या साच्यानं काढलेल्या असत. ही रेघ मोकळ्या हाताची होती. दिव्यावरून निघायची, जरा उतरायची, आणि दारापाशी असा काही श्वास घ्यायची की माझाही अडकायचा. हात सगळ्यांत स्थिर म्हणून ते काम मला दिलं. एवढ्यानंच मी चढले. मनात म्हटलं, समुद्रापलीकडच्या त्या माणसाला कधीतरी कळेल की त्याची रेघ एका मुलीनं न थरथरता उतरवली. मग तो येईल. कशाला येईल, याचा विचार मी केला नव्हता. बहुतेक शाबासकी द्यायला. साडी मात्र ठरवून ठेवली होती.

मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचायला लागले. बाप पत्रे ठोकणारा. पोरगा सातव्या वर्षापासून लाकडी साच्यावर पत्रा वळवायला बसलेला. पहिल्या गाड्या गोल, भरल्या अंगाच्या. पुढं, माझं लग्न झाल्यावर कधीतरी, त्यानं सगळी गोलाई टाकून दिली आणि कागदाला घडी घालावी तशा गाड्या काढल्या; त्यांची नक्कल जगभर झाली. आपल्या रस्त्यावरून गेलेल्या कितीतरी चौकोनी गाड्या त्याची नातवंडं-पतवंडं म्हणायच्या, आपल्याला फक्त त्यांचं कुळ माहीत नसतं.

पण मूर्खपणा मी केला तो वाचनात नाही. ट्रेसरनं रेघ उतरवून विसरायची असते. मी ती गिरवायला लागले. शनिवारी घरी आले की ओहोटीला किनाऱ्यावर जायचं, काठी घ्यायची आणि ओल्या वाळूत पूर्ण मापाची गाडी काढायची. खांद्यापासून अख्खा हात फिरवून. कोळणी टोपल्या घेऊन जाताना थांबायच्या.

"काय गो, कोनाचं नाव लिवतंस?"

"नाव न्हाय. मोटार."

"मोटार कशाला लिवायला पायजे? येसटी येते की."

अशीच एका शनिवारी मी दारापर्यंत आले. तिथं कागद संपत होता, तेव्हा मीही थांबायला हवं होतं. हात थांबला नाही. दार ओलांडून तो पुढं गेला, सावकाश, जणू वाट पायाखालची आहे. मी मागं मागं सरकत होते, तो काढत होता. टोकाला जाऊन त्यानं एक बारीक आकडी घेतली आणि सुटला. मी वर पाहिलं. किनाऱ्यावर कोणी नव्हतं. काठीवरची माझी बोटं उघडेनात, ती मी डाव्या हातानं एकेक सोडवली. तोवर पाणी आलं. मी स्वतःला सांगितलं, उपाशीपोटी चक्कर आली असणार. शहाणी होते ना.

पुढच्या महिन्यात ते काम बंद पडलं. तिसरा कागद आलाच नाही. गाडीही निघाली नाही. दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी या वाडीत आले.

आणि तो हात बरोबर आला. पहिल्या दिवाळीत करंजीच्या कडेवर कातणं फिरवलं तर ती अर्धगोल होईना. सासूबाईंनी ताटात पाहिलं. "अगो, ही करंजी पळून कुठं चाललीय?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. रांगोळी घातली की कमळाच्या पाकळीत तीच रेघ. सही केली की शेवटी तीच आकडी. एक वर्ष रांगोळीला आपोआप कोपरे यायला लागले, सगळं घडी घातल्यासारखं. मला वाटलं, वय. पुढं दोन-तीन वर्षांनी रद्दीत आलेल्या मासिकात त्याच्या नव्या गाड्या पाहिल्या. सगळ्या कोपऱ्यांच्या. ते मासिक मी चुलीत घातलं आणि कोणालाही बोलले नाही.

नातीची आई शाळेत शिकवायची, म्हणून पोर दिवसभर माझ्याकडे. पाटीवरचा श्री मीच तिला गिरवायला शिकवला. तिच्या मुठीवर माझी मूठ ठेवून. रांगोळीही तशीच.

हे सगळं मी तिला घावन थंड होईपर्यंत सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती उठून नाचायचीच बाकी राहिली. "आजी, म्हणजे सरांना सांगायला कारण मिळालं. तू ट्रेसर होतीस. तू उतरवलंस, तू मला शिकवलंस. चोरी कसली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सरांना व्हिडिओ कॉल लावला. मी नवी साडी नेसून बसले. सवय जात नाही. सर सभ्य माणूस. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं.

"आजी, तुमच्याकडे कागद किती आले होते?"

"दोन."

"आणि मागच्या भागाचा?"

"तो आलाच नाही."

 मग त्यांनी फोनवर एक फोटो पाठवला. इटलीत असताना त्या खणातल्या चित्राचा त्यांनी काढलेला. नातीनं स्वतःचं चित्र त्याच्याशेजारी धरलं. पुढचा भाग जुळत होता, दारं जुळत होती. ते ठीकच. मागचा भागही जुळत होता. उतार तोच, आणि टोकाची आकडीही तीच.

"चोरी नाही, हे मला पटलं," सर म्हणाले. "कसं झालं ते मला कळलेलं नाही, आणि कळून घ्यायची माझी इच्छाही नाही. पण बाळ, ही रेघ मी तुझ्या नावावर लावू शकत नाही. नवी काढ."

फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ स्वतःच्या पंजाकडे बघत होती. "आजी, तुझ्याकडे कागद दारापर्यंतच होता. पुढचं तुला कोणी शिकवलं?"

 उत्तर माझ्या उजव्या हाताला आलं असावं, कारण त्याचं पहिलं बोट मांडीवर हळूच तीच रेघ ओढत होतं. मी त्यावर पदर टाकला.

आठ दिवस उरले होते. ती ओटीवर बसून काढू लागली. छोटी गाडी काढायला घेतली, तीन रेघांत लांब झाली. शेपटाकडून सुरुवात केली, नाकाशी पोचली ती त्याच वळणानं. डोळे बांधून काढलं, तर सगळ्यांत हुबेहूब ते निघालं. मी म्हटलं, टेम्पो काढ. टेम्पोसुद्धा दारापाशी श्वास घ्यायला लागला. तिचं जेवण सुटलं. "माझं स्वतःचं काहीच नाहीय," ती एकदा भिंतीकडे तोंड करून म्हणाली. मला बाविसाव्या वर्षीच्या त्या घड्याळवालीला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

"डाव्या हातानं काढ," मी म्हटलं. "त्या मुठीवर मी कधी मूठ ठेवली नाही."

डाव्या हाताची पहिली गाडी वाळत घातलेल्या बोंबलासारखी होती. दुसरी सुजलेली. पाचव्या दिवशी एक बसकी, रुंद, जरा हट्टी तोंडाची गाडी कागदावर उभी राहिली. रेघ अडखळत जात होती, पण कुठं जायचं ते तिला ठाऊक दिसत होतं. सुंदर म्हणता आली नसती. मी तसं म्हटलंही.

"सुंदर राहू दे. ही माझीच आहे कशावरून?"

मी तिच्या पिशवीतला पातळ कागद घेतला, तिच्या चित्रावर पसरला आणि पेन उचललं. दुसऱ्याची रेघ उतरवणं हे एकच काम मला आयुष्यात नीट आलं. दिव्यावर टोक टेकलं आणि निघाले. दोन बोटं अंतर गेलं असेल, हात थांबला. ढकलला, तर घसरून आपल्या जुन्या वळणावर गेला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तो थरथरला. पन्नासच्या वर वर्षं तो माझ्या अंगावर आहे, थरथरलेला मी कधी पाहिला नव्हता. ज्याला कोणाला ती रेघ पुढं माहीत असायची, त्याला ही माहीत नव्हती.

"पाठव," मी म्हटलं.

तिनं लॅपटॉप पुढं ओढला. कच्चं म्हणतील, म्हणाली, म्हणू देत. बटण तिनं डाव्या हातानं दाबलं. उजवा हात तिनं मांडीखाली घट्ट दाबून ठेवला होता.