दार सांभाळणारी आत्या

माझी आत्या दवाखान्याच्या धुलाईघरात राबायची आणि रविवारी आमच्या प्रार्थनागृहाचं दार सांभाळायची. जीभ तिखट, हात राकट. बाबांना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, उलट उत्तर देणारी अख्ख्या मंडळीत ती एकटीच. बाबा आमच्या ख्रिस्ती मंडळीचे प्रमुख होते. "आपण देवाचे निवडलेले लोक," असं ते दर रविवारी बजावत आणि प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून खाण्याआधी, बाहेरच्यांना उठवून दाराला कडी घालायला लावत. भाकर फक्त आपल्यांसाठी.

"निवडलेले म्हणून एवढं मिरवू नकोस, दादा," आत्या म्हणायची. "आमच्या धुलाईघरात आधी निवडतात ते सगळ्यात मळके कपडे."

बाबांना हा विनोद कधीच रुचला नाही. मला मात्र भारी आवडायचा.

त्या रविवारी कडी लागली, बाबांनी भाकर मोडून तुकडे ताटात ठेवले, तोच दारावर कोणीतरी धाडधाड हात आपटू लागलं.

"उघडा! मारतील मला!"

आत्याने फटीतून पाहिलं. "सुऱ्यांना धार लावणारा तो. गावात नवा आलाय ना, पोरं पळवतो अशी आवई उठवलीय कोणीतरी. सगळा बाजार मागे लागलाय."

"उघडू नकोस," बाबा म्हणाले. "आत बायका-मुलं आहेत."

त्यांचं काही चुकत नव्हतं. आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

"देवाने निवडलं ते आत दडून बसायला का रे, दादा?" आत्या म्हणाली आणि तिने कडी काढली.

धारवाला आत कोसळला. कपाळ फुटलेलं, अंगावर नुसती धूळ. दार पुन्हा लावायला सवडच मिळाली नाही. उंबऱ्यावर आमचा रोजचा दूधवाला उभा होता, हातात लोखंडी गज, आणि मागे घोळका.

"ताई, बाजूला व्हा. परका माणूस आहे हा."

"आमचा आहे," आत्या म्हणाली.

"तुमचा? मग द्या त्याला ती भाकर. परक्याला देत नाही तुम्ही. मलाही उठवलं होतं ना एकदा!"

आत्या टेबलापाशी गेली, आपल्या वाट्याचा तुकडा उचलला आणि धारवाल्याच्या हातावर ठेवला. "खा रे."

तो कसाबसा चावू लागला. दूधवाला बाबांकडे वळला.

"काका, तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्ही सांगा, हा तुमचा आहे का?"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते 'नाही' म्हणाले असते तर त्या माणसाचा तिथेच, आमच्या डोळ्यांदेखत जीव गेला असता.

"आमचा आहे," बाबा म्हणाले. मग त्यांनी ताट उचललं आणि ते थेट उंबऱ्यापर्यंत गेले. "त्या दिवशी तुला उठवलं, ते चुकलंच माझं. घे."

दूधवाल्याने गज भिंतीला टेकवला आणि हात पँटला पुसले.