एका सीटची नाव

काल शॉवरचा नवा पडदा उघडला आणि प्लॅस्टिकच्या वासासरशी ऐंशीच्या दशकातलं ते होड्यांचं दुकान आठवलं.

बाबा हॉस्पिटलात सलग ड्यूट्या करत. रविवारी नदीवर ट्राउट मासे पकडायला त्यांना नाव हवी होती. नदी उथळ, जेमतेम गुडघाभर पाण्याची. दुकानदाराने सपाट बुडाची, एका सीटची हलकी नाव दाखवली. बाबांनी तिच्यावरून अलगद हात फिरवला.

"एकच सीट?" आई म्हणाली. "आणि पाहुणे आले की त्यांना काठावर उभं करणार?"

"अगं, मासे पकडायचेत, सहल नाही."

"पकडून परत पाण्यात सोडूनच देणार ना? मग चारचौघांत सोडा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला कुठली आवडली?"

मी बोटानेच शेजारची चार सीटची मोठी नाव दाखवली. मला त्यांच्याबरोबर जायचं होतं.

मोठी घेतली. पहिल्याच रविवारी ती दगडांवर अडकली आणि बाबांनी आम्हाला बसवून ती पाण्यातून ओढत आणली. नंतर ती गॅरेजमधून निघालीच नाही.

हल्ली ऑफिसातून आल्यावर मी इंजिन बंद करून दहा मिनिटं गाडीतच एकटी बसून राहते. घरात कुणाला कारण सांगत नाही. बाबांना मात्र ते सांगावं लागणार नाही.