दादाचा राहिलेला ट्रॅक

दादा गेल्याचं कळवायला मी ज्याला ज्याला फोन केला, त्या प्रत्येकानं आधी एकच विचारलं. "कुठं ठोकली?" मी सांगायचो, गाडीचा काही संबंध नाही, दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला, हार्ट अटॅक. पलीकडून नुसतं "असं होय" यायचं. काही जणांची थोडी निराशाच होत असावी. इतकी वर्षं लोकांनी त्याच्यासाठी एक मरण ठरवून ठेवलं होतं, आणि त्यानं ते वापरलंच नाही.

गाडी म्हणजे त्याची लाल, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. पुण्यातून जुनी आणलेली. दादाचं सोलापूरच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि त्या दुकानात तो दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसायचा. घरी आला की घरच्यांवर. मोठा भाऊ म्हणून माझं त्याच्यावर प्रेम होतं, पण त्याच्याबरोबर तासभर बसायचं म्हटलं की मला काहीतरी काम आठवायचं. वर्षातून दोन-तीनदा तो ती गाडी ट्रकवर चढवायचा आणि कोइमतूरकडच्या रेसट्रॅकवर घेऊन जायचा. शर्यतीला नाही. पैसे भरायचे आणि दिवसभर आपली गाडी आपण पळवायची, एवढंच.

वहिनी त्या गाडीत एकदाच बसल्या होत्या, अक्कलकोटला दर्शनाला जाताना. परत आल्यावर आठवडाभर कंबर शेकत होत्या. पुन्हा म्हणून त्यांनी तिचं दार उघडलं नाही. दादा म्हणायचा, "ही गाडी इथली न्हाईच. तू एकदा तिथं ट्रॅकवर ये, मग कळंल तुला." गेला त्या सकाळीही हेच झालं. पुढच्या महिन्यात ट्रॅकवर जायचं ठरलं होतं, तो चल म्हणाला, आणि वहिनी म्हणाल्या, "त्या डब्यात मी मेले तरी बसणार न्हाय." दादा जेवणाचा डबा न घेताच दुकानात गेला. दोघांचं शेवटचं बोलणं ते.

दहावा गावी केला, केमजवळ, ओढ्याच्या काठी. पिंड ठेवले आणि आम्ही मागं सरून उभे राहिलो. बाभळीवर कावळे भरपूर होते, पण एकही खाली उतरेना. ऊन चढत चाललं होतं. मग नेहमीप्रमाणे शब्द देणं सुरू झालं. आईला सांभाळू, असं मी म्हणालो. वहिनीला अंतर देणार नाही, असं चुलते म्हणाले. दुकान बंद पडू देणार नाही, असं कुणीतरी म्हणालं. कावळे आपले फांदीवर बसून. जेऊरच्या मामांना साखरेचा त्रास, वेळेत जेवण लागतं, त्यामुळे ते चिडायला लागले होते. "आरं काय राह्यलंय तुझं? सांग की बाबा."

मागं दादाचा पुण्याचा मित्र उभा होता, त्याच्याबरोबर ट्रॅकवर जाणारा. तो हळूच म्हणाला, "त्याचा पुढच्या महिन्यातला ट्रॅक राहिलाय."

मामांना ट्रॅक म्हणजे काय हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी हात जोडले आणि बाभळीकडं बघून मोठ्यानं ओरडले, "तुझं ते ट्रॅक का काय हाय ते धाकटा करील! लई झालं, ये आता!"

कावळा आला. एक आला म्हणून बाकीचे आले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले, चुलते म्हणाले, बघा, जीव अडकला होता. सगळे माझ्याकडं बघत होते. मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करतो, माझ्याकडं साधी छोटी गाडी आहे आणि ती मी साठच्या वर कधी नेत नाही. मला हसू यायला हवं होतं किंवा रडू यायला हवं होतं. दोन्हीही आलं नाही. त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं. जेवायला वाढलं की जेवायचं, कुणी आलं की चपला काढायला जागा दाखवायची, असं चाललं होतं.

पुढं शब्द मोडायची सोय नव्हती. आईनं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगूनही टाकलं. मी वहिनींना विचारायला गेलो, कारण गाडी आता त्यांची होती. त्या खिडकीतून खाली गाडीकडं बघत म्हणाल्या, "न्या की. पण भाऊजी, एक करा. तिथं ती कशी चालती ते मला खरं सांगा. हे जे म्हणत होते, ते खरं हुतं का न्हाई, एवढंच मला पायजे. मग मी ठरवीन मला काय वाटून घ्यायचं ते."

म्हणजे ती शेवटची सकाळ त्या पुढं कशी आठवणार, हे मी काय सांगतो त्यावर अवलंबून होतं. हे मला तेव्हाच कळलं, आणि कळूनही मी नुसती किल्ली खिशात टाकली.

सवय व्हावी म्हणून रविवारी सकाळी मी गाडी बाहेर काढायला लागलो. तिची सीट म्हणजे एक कडक टोपलं, त्यात माणूस रुतून बसतो आणि रस्ता ढुंगणाला लागतो. दादानं स्प्रिंगा बदलून कडक केल्या होत्या. होटगी रोडवरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक ठिगळ मणक्यातून वर यायचं. स्पीडब्रेकर सरळ ओलांडला तर पोट घासायचं, म्हणून गाडी तिरकी करून एकेक चाक चढवावं लागायचं, आणि तोवर मागचे रिक्षावाले हॉर्नवर हात ठेवून बसायचे. जड ट्रकांनी रस्त्यावर पाडलेल्या चाकोऱ्या दिसल्या की स्टिअरिंग आपणहून तिकडं ओढ घ्यायचं. सगळ्यात वाईट ब्रेक. पहिल्या सिग्नलला मी नेहमीसारखा पाय ठेवला तर गाडी थांबेचना, किंचाळत पुढं गेली. मित्राला फोन केला. तो म्हणाला, "ते पॅड ट्रॅकचे आहेत, गरम झाल्याशिवाय धरत नाहीत. टायरचंही तसंच. गावात जोरात दाबत जा."

इतकी ताकदीची गाडी, आणि शहरात ती माझ्या छोट्या गाडीपेक्षा वाईट चालायची. तिला जे येतं त्यातलं काही करायला इथं जागाच नव्हती. सात रस्त्याला एका टॉवेलच्या टेम्पोमागं मी दुसऱ्या गिअरमध्ये रखडत होतो आणि टेम्पोवर बसलेला हमाल वरून मला म्हणाला, "भैया, इसको चलाते कब?" दादानं या असल्या वस्तूपायी घरात एवढी भांडणं का केली, याचा मला राग यायला हवा होता. तोही येत नव्हता. गाडी परत आणून लावली की वहिनी खिडकीत असायच्या. विचारायच्या काही नाहीत.

मग ट्रॅक. गाडी ट्रकवर, मी ट्रकच्या केबिनमध्ये, विजापूरमार्गे खाली. पुण्याचा मित्र तिथं आधीच पोचला होता. त्यानं मला हेल्मेट दिलं आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसला. पहिले काही फेरे त्यानं मला हळू घालायला लावले, टायर आणि ब्रेक तापावेत म्हणून. तेवढ्यात मला एक गोष्ट जाणवली. आवाज नव्हता. म्हणजे इंजिनाचा होता, पण दणक्यांचा नव्हता. खाली खड्डा नाही, ठिगळ नाही, आणि त्याच कडक स्प्रिंगा मुक्या झाल्या होत्या.

"आता त्या पांढऱ्या पाटीपाशी ब्रेक. घाबरून नको, पण पूर्ण दाब," मित्र म्हणाला. मी दाबला. पट्टा छातीत रुतला आणि गाडी जागच्या जागी बसल्यासारखी हळू झाली. "आता पाय एकदम काढू नको. सोडत सोडत वळव." मी पाय सैल करत स्टिअरिंग वळवलं, तसं पुढचं तोंड आत शिरलं आणि मागची बाजू गुपचूप मागोमाग आली. मी काही केलंय असं वाटलंच नाही. पुढच्या वळणाला मी घाई केली, तर हातातलं स्टिअरिंग हलकं झालं. "पुढच्या टायरची पकड सुटतेय, ती सांगतेय तुला. थोडं थांब तिच्यासाठी." मी गॅस जरा कमी केला, स्टिअरिंगला पुन्हा वजन आलं. सोलापुरात ही गाडी माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. इथं तिला काय झेपतंय, काय नाही, ते ती क्षणाक्षणाला हाताला आणि पाठीला कळवत होती, आणि मी ऐकलं की ऐकत होती.

उजवीकडचं एक लांब वळण होतं. ते एकदा नीट जमलं. बाहेर पडताना मी सावकाश गॅस देत गेलो आणि गाडी तिच्या तिच्या वाटेनं कडेपर्यंत सरकत गेली. मित्र म्हणाला, "इथं तुझा भाऊ गाणं म्हणायचा." दादा? मी दादाला उभ्या आयुष्यात गाणं म्हणताना ऐकलं नव्हतं. "आणि नव्या पोरांना शिकवायचा. कुणी चुकलं तरी कधी आवाज चढवायचा नाही," मित्र म्हणाला.

मला बरं वाटत होतं. दादा गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं, आणि ते बरं वाटणं होतं. मला ते आवडलं नाही, पण मी फेरे घालायचे थांबलो नाही.

परतीच्या वाटेवर, विजापूरच्या अलीकडं कुठंतरी, मी ठरवलं की वहिनींना खोटं सांगायचं. दादा खरा होता असं सांगितलं की त्या उरलेलं आयुष्य त्या सकाळपाशी अडकून बसणार. एवढं माणसाला कळायला हवं.

दुपारी पोचलो. गाडी उतरवली, वर गेलो. वहिनींनी चहा टाकला, समोर बसल्या.

"कशी हाय तिथं?"

"तशीच. इथं दणके, तिथं दणके. लोक उगाच वेडे होतात."

वहिनींनी माझ्याकडं नीट बघितलं. "भाऊजी, खोटं बोलू नका की. दारातनं आलाव तवाच कळलं मला. हे तिथनं आले की असेच यायचे. आवाज खाली यायचा. जेवताना विचारायचे, तू जेवलीस का. दोन दिवस. मग दुकान सुरू झालं की हाय तसं."

मग मी खरं सांगितलं. ती तिथं दुसरीच गाडी असते, दादा म्हणत होता ते सगळं खरं होतं. त्या वळणाचं सांगितलं. गाण्याचंही सांगितलं, ते सांगायला नको होतं, पण आता अर्धवट कशाला ठेवायचं. त्या ऐकत होत्या. शेवटी मीच समजूत घालायला लागलो. "तुम्हाला कसं कळणार होतं वहिनी? तुम्ही कधी बघितलंच नव्हतं."

"मला ठाव हुतं," त्या म्हणाल्या. "पयल्यापासनं ठाव हुतं. म्हणून तर गेले न्हाई."

"म्हणजे?" मी विचारलं.

"नुसती गाडीच तिथं चांगली चालत असती, तर गेले असते की, कंबर मोडली तरी. पर तिथं हे बी चांगले असायचे. ते डोळ्यांनी बघून यायचं, आन परत ह्या घरात ह्यांच्यासंगं नांदायचं. कसं जमलं असतं मला? सांगा की तुमीच."

त्या खरंच उत्तराची वाट बघत होत्या. मला रडू आलं, इतके दिवस न आलेलं, आणि ते दादासाठी नव्हतं, समोर बसलेल्या वहिनींसाठी होतं.