डाळिंबाची पानगळ

निसर्ग आपल्याच गतीने चालतो, त्याला कुणी घाई करू शकत नाही. हे मी सांगोल्याकडे, मावसभावाच्या, म्हणजे दादाच्या, डाळिंबाच्या बागेत उभा राहून म्हणालो. दादाने ऐकून घेतलं आणि पंप पाठीला लावला.

बागेचं पाणी त्याने दीड महिना तोडलं होतं. वर पानगळीचं औषध पडलं आणि आठवड्यात झाडं सोलल्यासारखी उघडी पडली. नुसते काटे उरले.

"मरणाची भीती घातल्याशिवाय कळी काढत नाही ते," दादा म्हणाला.

दारातल्या झाडापुढे मात्र वहिनी आडव्या उभ्या राहिल्या. ते त्यांनी स्वतः लावलेलं, भांड्यांच्या पाण्यावर वाढवलेलं.

"याला हात लावाल तर बघा!"

"बरं बाई, पूज त्याला."

मला वहिनींचं कौतुक वाटलं. न छळता वाढलेलं एक तरी झाड जगात असावं, असं काहीबाही मनात आलं.

पाणी सुटल्यावर छळलेली बाग लाल कळ्यांनी पेटली. दारातल्या झाडावर फक्त पानं होती.

पुढच्या बहाराला गेलो, तेव्हा त्या झाडाखाली वहिनी स्वतः पानगळीचं औषध कालवत होत्या. त्यांचं माप दादाच्या मापापेक्षा मोठं होतं.